दोन जर्मन, एक इंजिन

१९४५ साली हरलेल्या जर्मनीत विमानविद्या डोक्यात असलेली शेकडो माणसं हातावर हात ठेवून बसली होती. स्वतःच्या देशात विमान बांधायला त्यांना बंदी होती. अमेरिकेने आणि रशियाने हवी तेवढी माणसं नेली. उरलेली, ज्याने बोलावलं त्याच्याकडे गेली. त्यांतल्या दोघांची ही गोष्ट.

हेर्मान ओस्ट्रिख इंजिनाचे माणूस. बीएमडब्ल्यू कंपनीत युद्धकाळात त्यांनी ००३ नावाचं जेट इंजिन उभं केलं होतं. कुर्ट टांक सांगाड्याचे माणूस. पंख, शेपूट, धड यांची रचना करणारे आणि आपण आखलेलं विमान स्वतः उडवून पाहणारे. फोके-वुल्फ १९० हे त्या युद्धातलं नावाजलेलं लढाऊ विमान त्यांचंच. ओस्ट्रिख यांना फ्रान्सने ठेवून घेतलं. टांक आधी अर्जेंटिनात गेले. तिथे त्यांना बोलावणाऱ्या पेरॉन यांची सत्ता १९५५ मध्ये उलथली आणि पुढच्या वर्षी टांक आपल्याकडे, बंगळूरला आले.

फ्रान्सची तेव्हाची अवस्था हलाखीची होती. चार वर्षं देश जर्मनांच्या ताब्यात होता, कारखाने लुटले गेले होते. ओस्ट्रिख यांच्या पथकाला लोआर नदीकाठच्या देसीझ गावात जागा मिळाली आणि स्नेक्मा या सरकारी कंपनीसाठी त्यांनी अटार नावाचं इंजिन बांधायला घेतलं. १९४८ मध्ये ते पहिल्यांदा चाचणी बाकावर सुरू झालं. त्याचा रेटा होता १,७०० किलोच्या आसपास. त्याच वेळी इंग्रजांचं नीन हे इंजिन बाजारात तयार होतं, जोरदार होतं आणि परवान्यावर बनवायलाही मिळत होतं. हिशेबी माणसाने अटारचा नाद तिथेच सोडला असता.

फ्रेंचांनी नीन घेतलं. ते आपल्या ऊरागान विमानात बसवलं आणि हवाई दल उभं केलं. पण देसीझचं काम थांबवलं नाही. आजच्या विमानाला परक्याचं इंजिन आणि उद्याच्या विमानासाठी घरचं, असे दोन्ही खर्च एका गरीब झालेल्या देशाने एकाच वेळी सोसले. मला या सगळ्या गोष्टीत हा निर्णय सगळ्यांत मोठा वाटतो, कारण त्याचं फळ ज्यांनी तो घेतला त्यांच्या कारकिर्दीत दिसणार नव्हतं. अटार वर्षानुवर्षं सुधारत गेलं. त्याला मागच्या झोतात पुन्हा इंधन जाळून रेटा वाढवणारा आफ्टरबर्नर जोडला गेला, ते मिराज ३ मध्ये बसलं आणि १९५८ मध्ये त्या विमानाने ध्वनीच्या दुप्पट वेग गाठला. मिराज एफ-१ मध्ये बसलेल्या अटारचा रेटा ७,२०० किलोपर्यंत पोचला होता.

आता बंगळूरकडे येऊ. हवाई दलाची मागणी भव्य होती: ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं, एकाच सांगाड्यातून निरनिराळी कामं करणारं विमान. आपल्याकडे तेव्हा विमान आखण्याचा अनुभव नव्हता असं नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे हा मराठी माणूस जर्मनीत गटिंगेनला वायुगतिकीचे आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आला होता. त्यांनी आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ मध्येच उडालं होतं. पण पंख्याच्या शिकाऊ विमानावरून ध्वनीच्या पलीकडे जाणाऱ्या लढाऊ विमानावर उडी मारणं हे धाडसच होतं. टांक आणि त्यांचे जर्मन सहकारी आले ते त्यासाठी.

त्यांनी काम कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. पुरेशा सोयी नव्हत्या, म्हणून त्यांनी विमानाची पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती बनवली. इंजिन नाही, नुसता ग्लायडर. डकोटा विमानाच्या मागे दोर बांधून ती १९५९ मध्ये बंगळूरवर उंच न्यायची आणि सोडून द्यायची. आत बसलेला वैमानिक खाली येईपर्यंत विमान कसं वळतं, कसं डगमगतं, उतरताना काय करतं याची नोंद घेई. अशी अनेक उड्डाणं झाली. शेवटी १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरं विमान उडवलं. एचएफ-२४, मरुत. आशियातल्या एका नव्या स्वतंत्र देशाने आपल्या कारखान्यात लढाऊ जेट विमान घडवलं होतं.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत उभं आहे. मुंबईच्या शाळांतल्या पिढ्यान् पिढ्या त्याच्याखालून गेल्या आहेत. ते बाजूने नीट पाहावं. नाक अणकुचीदार, पंख मागे झुकलेले आणि पंखांपाशी धड कंबरेसारखं आवळलेलं. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो, तो कमी व्हावा म्हणून धड तिथे बारीक करतात. अंगाचा प्रत्येक बाक सांगतो की हे विमान कोणत्या वेगासाठी आखलं आहे. मग मागे जाऊन शेपटाखाली शेजारीशेजारी असलेली दोन तोंडं पाहावीत. तिथे बसणारी ऑर्फियस ७०३ ही इंजिनं मुळात नॅटसारख्या चिमुकल्या विमानाची. प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेटा, आफ्टरबर्नर नाही.

ही इंजिनं टांक यांनी निवडली नव्हती. त्यांनी विमान आखलं होतं ते ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस १२ या इंजिनासाठी. त्याला आफ्टरबर्नर होता आणि रेटा ३,७०० किलोच्या घरात जाणार होता. ब्रिटनला स्वतःसाठी त्या इंजिनाची गरज उरली नाही, तेव्हा कंपनीने सांगितलं की राहिलेल्या विकासाचा खर्च भारताने द्यावा, आम्ही काम पूर्ण करतो. आपण नाही म्हटलं.

ज्यांनी नाही म्हटलं ते बेफिकीर नव्हते. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेलाच कात्री लागली होती. धान्य बाहेरून येत होतं. अशा वेळी दुसऱ्या देशातल्या, अजून पूर्ण न झालेल्या यंत्रावर पौंड खर्च करा असं सांगणाऱ्याला अर्थखात्याने दारातच थांबवलं असेल तर ते समजू शकतं. पण त्या खर्चाशेजारी दुसरा आकडा मांडायला हवा होता, तो कुणी मांडला नाही. इंजिन न मिळाल्यामुळे वाया जाणाऱ्या विमानाची, कारखान्याची आणि माणसांच्या वर्षांची किंमत तो आकडा होता.

त्यानंतर जे झालं ते वाचताना जीव तुटतो. आधी रशियन इंजिन बसवून पाहायचा प्रयत्न झाला, ते जमलं नाही. इतर कंपन्यांकडे विचारणा झाली. मग आपण इजिप्तकडे गेलो. तिथे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी जर्मन विमानरचनाकार विली मेसरश्मिट यांना लढाऊ विमान आखायला आणि ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड ब्रांडनर यांना त्याचं इंजिन बनवायला बोलावलं होतं. हे ब्रांडनर युद्धानंतर रशियाच्या ताब्यात असताना तिथल्या अजस्र टर्बोप्रॉप इंजिनावर काम करून आलेले. इजिप्तचं एचए-३०० विमान १९६४ मध्ये पहिल्यांदा उडवलं ते कपिल भार्गव या भारतीय चाचणी वैमानिकाने. आपण एक मरुत इजिप्तमधल्या हेलवानला पाठवलं. त्यात एका बाजूला ऑर्फियस आणि दुसऱ्या बाजूला ब्रांडनर यांचं इंजिन घालून १९६७ पासून चाचण्या सुरू झाल्या. त्याच वर्षी इजिप्त इस्रायलशी युद्ध हरला. १९६९ मध्ये तिथला सगळा प्रकल्पच गुंडाळला गेला आणि मरुतची ती आशाही गेली.

टांक १९६७ मध्येच भारत सोडून गेले होते. घरी राहिलेल्या मंडळींनी ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडायला घेतला. गॅस टर्बाइन संशोधन संस्थेचे अभियंते अपुऱ्या साधनांवर झगडत होते. आफ्टरबर्नर बसवायला विमानाचा मागचा भाग बदलावा लागला, त्याने हवेचा विरोध वाढला आणि मिळालेल्या जास्तीच्या रेट्यातला काही भाग तिथेच खर्ची पडला. १० जानेवारी १९७० रोजी या नव्या रूपातलं विमान घेऊन सुरंजन दास बंगळूरहून उडाले आणि लगेचच कोसळले. नऊ वर्षांपूर्वी ज्याने मरुत पहिल्यांदा आकाशात नेलं, तो माणूस त्याच्यासाठी इंजिन शोधताना गेला.

तरीही १९७१ च्या युद्धात मरुत लढलं. राजस्थानच्या सीमेवरून आत शिरून त्याने रेल्वे, रणगाडे, दारूगोळा यांच्यावर मारा केला. गोळी लागून एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर वैमानिक घरी आले. ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मरुतमधून पाकिस्तानचं सेबर विमान पाडलं. सांगाडा भक्कम होता, तोफा होत्या, वैमानिक त्याच्यावर खूश होते. नव्हता तो वेग. एकूण १४७ विमानं बांधली आणि १९९० पर्यंत ती सेवेतून गेली. पुढचं मरुत निघालं नाही.

या काळात लढाऊ विमानांची गरज थोडीच थांबणार होती? १९६२ मध्ये मिग-२१ चा करार झाला. सांगाडा ओझरला आणि इंजिन ओडिशात कोरापुटला बनू लागलं. नाशिककर त्या भागाला ओझर मिगच म्हणतात. तिथल्या कामगारांच्या हातात कसब होतं, यात शंका नाही. पण रेखाटन मॉस्कोहून यायचं. रेखाटनात लिहिलेलं माप तितकंच का आहे, एक दशांश मिलिमीटर बदललं तर काय होईल, हे ज्याने आखलं त्यालाच ठाऊक. ते परवान्यात मिळत नाही.

त्या ज्ञानाचं एक उदाहरण हातात धरता येईल इतकं लहान आहे. आजच्या लढाऊ इंजिनाच्या टर्बाइनमधलं एक पातं बोटाएवढं असतं. त्याच्यावर आदळणाऱ्या वायूचं तापमान १,५०० अंश सेल्सियसच्या वर जातं. ज्या निकेल मिश्रधातूचं ते पातं असतं, तो धातू त्याआधीच वितळतो. म्हणून पातं आतून पोकळ ठेवतात, आतल्या नागमोडी वाटांनी त्यातल्या त्यात थंड हवा खेळवतात आणि पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या भोकांतून ती बाहेर सोडतात, म्हणजे पात्याभोवती हवेचा पातळ पडदा तयार होतो. शिवाय ते अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं असावं लागतं, कारण स्फटिकांचे सांधे तापून सैल होतात. भट्टीत साचा इंचाइंचाने खाली सरकवत तो स्फटिक वाढवावा लागतो. किती वेगाने सरकवायचा हे शेकडो पाती वाया घालवल्याशिवाय कळत नाही. फ्रान्सने ती पाती वाया घालवली. आपण त्या वर्षांत विमानं विकत घेतली, आणि त्यातली कितीतरी फ्रान्सकडूनच: १९५३ मध्ये ऊरागान, ज्याला आपण तूफानी म्हटलं, मग मिस्टेअर, मिराज २०००, आणि आता रफाल. रफालच्या इंजिनाची वंशावळ देसीझपर्यंत मागे जाते.

तेजस या आपल्या पुढच्या लढाऊ विमानाच्या वेळी इंजिन घरचं हवं हे आपल्याला कळलं होतं. म्हणून १९८९ मध्ये कावेरी इंजिनाचा प्रकल्प सुरू झाला. कावेरी तयार होईपर्यंत अमेरिकेचं एफ-४०४ वापरायचं ठरलं. म्हणजे फ्रेंचांचीच रीत, कागदावर. ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं ते एफ-४०४ वर. कावेरीचा रेटा ठरल्यापेक्षा कमी भरला आणि वजन जास्त. उंचावरच्या चाचण्यांसाठी ते इंजिन २०१० मध्ये रशियाला न्यावं लागलं, तिथल्या आयएल-७६ विमानाखाली टांगून ते तपासलं गेलं. त्याआधीच, २००८ मध्ये, कावेरी आणि तेजस यांची फारकत झाली होती. ज्याला बसायला विमान नाही अशा इंजिनाकडे मग पैसा आणि माणसं कुठून वळणार? स्नेक्माच्या अटारलाही १९४८ मध्ये बसायला विमान नव्हतं. त्याला ते मिळवून दिलं गेलं.

परक्या इंजिनावर राहण्याची किंमत दोनदा मोजावी लागली. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि तेजसची मदत थांबली. दुसऱ्यांदा कुणी रागावलंही नव्हतं. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क १ए विमानांची मागणी नोंदवली गेली, त्यांच्यासाठी ९९ इंजिनं मागवली, आणि पहिलं इंजिन हातात पडायला मार्च २०२५ उजाडला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग-२१ विमानं निवृत्त झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं. नाशिकच्या कारागिरांना त्याचा अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. आता त्यांच्या कामाचा वेग अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या वेळापत्रकावर ठरतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी जाहीर केलं की पुढच्या लढाऊ विमानाचं इंजिन साफ्रान या फ्रेंच कंपनीबरोबर भारतात बनवलं जाईल. साफ्रानचा इंजिन विभाग म्हणजे पूर्वीची स्नेक्मा, ओस्ट्रिख यांनी जिथे अटार वाढवलं ती. या वाटेने जायचं ठरलं याचा मला मनापासून आनंद आहे, उशीर झाला असला तरी. या कामाचा तपशीलवार करार लोकांपुढे येईल तेव्हा बातमीच्या पहिल्या ओळीत रक्कम असेल, दुसऱ्या ओळीत वर्षं. मी त्याच्या पुढची पानं शोधणार आहे. पात्याचा साचा कुणाच्या भट्टीत सरकणार, भारतीय अभियंत्याला रेखाटनातलं माप बदलायचा अधिकार असेल का, इंजिन टांगून उडवायचं चाचणी विमान आपलं असेल की पुन्हा परक्याचं, आणि बाकावर पहिलं इंजिन फुटल्यावर दुसऱ्यासाठी पैसे कुठल्या खात्यातून यायचे आहेत.