खाटेपर्यंत

१ मार्च २०२१ पासून साठीपुढच्या सर्वांना करोनाची लस मिळू लागली. आधी ऑनलाइन नोंदणी, मग मोबाइलवर येणारा ओटीपी, मग केंद्रावरची रांग. ज्यांना चालता येत होते, ज्यांची मुले-सुना जवळ होत्या, त्यांचे निभावले. पण पक्षाघाताने एक बाजू गेलेले आजोबा, खुब्याचे हाड मोडल्यापासून खाटेवरच असलेल्या आजी? लिफ्ट नसलेल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायला चार तरणी माणसे लागतात, आणि त्या दिवसांत शेजारीही हात लावायला कचरत होते.

अशांना घरी जाऊन लस द्यावी म्हणून दोन वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. अडचणी खऱ्याच होत्या. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा, आणि कुपी उघडली की चार तासांत संपवायची. म्हणजे एका फेरीत जवळजवळची घरे गाठायला हवीत, आणि त्यासाठी अशी माणसे कुठे आहेत हे आधी कळायला हवे. महापालिकेला ती नावे लोकांकडून ई-मेलने मागवावी लागली. अखेर ३० जुलै २०२१ रोजी के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरीकडे, घरी जाऊन लस देणे सुरू झाले. मधे पाच महिने गेले होते.

लस टोचल्यावर अर्धा तास लक्ष ठेवायचा नियम होता. मला त्या अर्ध्या तासाचे मोल फार वाटते. खाटेशेजारी जो अर्धा तास बसतो, त्याला संपत आलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी दिसते, कूस बदलायला कोणी नसल्याने पाठीला पडलेली जखम दिसते, आणि गेल्या कित्येक दिवसांत न बोललेले चार शब्दही ऐकू येतात. डबे, किराणा, औषधे पोचवणाऱ्या कार्यकर्त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु संसर्गाच्या धास्तीने त्यांना पिशवी दाराच्या कडीला अडकवूनच परतावे लागे. त्यात त्यांचा दोष नव्हता.

आता ती धास्ती नाही. तुमच्या इमारतीत, गल्लीत अंथरुणाला खिळलेले कोण आहे, ते आज विचारा आणि आत जाऊन थोडे बसा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. निघताना तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून खाटेवरून दिसेल असा भिंतीवर लावून द्या.