शेजारच्या बाकावर कोण बसणार?

"तुमच्या तत्त्वांचा भुर्दंड तुमच्या मुलीने का भरायचा?" नाशिकमधल्या एका जाहीर चर्चेत एका शिक्षणसंस्थाचालकांनी मला हा प्रश्न विचारला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. विषय होता शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) पंचवीस टक्के जागांचा. माझी मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत जाते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गरिबांच्या मुलांना शिकवणं हे सरकारचं काम, सरकारने आपल्या शाळा सुधाराव्यात, ती मुलं आमच्या वर्गात आणून बसवू नयेत, आणि जे सुशिक्षित पालक उलट दिशेने जाऊन आपलं मूल सरकारी शाळेत घालतात, ते स्वतःच्या समाधानासाठी त्या मुलाचं नुकसान करतात. त्या दिवशी उत्तराला वेळ मिळाला नाही. ते इथे देतो आहे.

आधी त्यांच्या तक्रारीतला खरा भाग. २००९ च्या कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांना पहिल्या इयत्तेतल्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. त्या बदल्यात महाराष्ट्र सरकार एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देणं लागतं, आणि हे पैसे वर्षानुवर्षं थकतात. ही थकबाकी हा अन्याय आहे आणि ती मागण्यात मी संस्थाचालकांच्या बाजूने उभा राहीन. पण ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने या दुखण्यावर जे औषध काढलं, ते रोग्यालाच घराबाहेर काढणारं होतं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. नाशिकसारख्या शहरात गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर इथल्या शाळांपासून किलोमीटरभरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, अशी जागा शोधावी लागेल. म्हणजे कायदा कागदावर राहिला असता आणि वर्ग रिकामा झाला असता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. संस्थाचालकांचा राग या निकालावरचा होता. माझी मुलगी वाटेत सापडली, इतकंच.

तिच्या वर्गात कोण आहे ते सांगतो. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्यांची मुलं, त्यांतली कित्येक घरी भोजपुरी बोलणारी. खानदेशातून आलेली, भांडताना हमखास अहिराणीत जाणारी. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आणि महादेव कोळी कुटुंबांतली, ज्यांचे आईवडील बांधकामावर असतात आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर जातात. तेव्हा मुलंही जातात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची ओळ लांबत राहते. दलित, मुस्लिम, भटक्या जमातींतली मुलं आहेत. जात, भाषा, धर्म, प्रदेश या सगळ्या बाजूंनी हा वर्ग नाशिकचा नकाशा आहे. एकाच बाजूने नाही. डॉक्टरांचं, वकिलाचं, बँक अधिकाऱ्याचं, आणि मुद्दाम लिहितो, महापालिका शाळेतल्या शिक्षकाचं मूल त्यात जवळपास दिसत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी यांतलं काही मिश्रण अनुदानित मराठी शाळांत तरी होतं. इंग्रजी माध्यमाच्या लाटेने आधी ते धुतलं, मग माध्यम बाजूला राहून फीच्या पायऱ्यांवर मुलं वाटली गेली. आता नाशिकमधल्या एखाद्या शाळेची फी सांगा, तिथल्या मुलांच्या घरात चारचाकी आहे की दुचाकी, हे सांगता येतं.

या विभागणीविषयी माझ्या पिढीला जे काही समजलं, ते जे. पी. नाईक यांच्यामुळे. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव होता, आणि १९६६ च्या त्या अहवालातला शेजारशाळेचा विचार मी पुन्हापुन्हा वाचत आलो आहे. प्रत्येक वस्तीतली सगळी मुलं, जात-धर्म-उत्पन्न न पाहता, वस्तीतल्याच शाळेत जातील. आयोगाने हे एका झटक्यात करा असं म्हटलं नव्हतं. वीस वर्षांचा काळ मागितला होता. आधी सगळ्या प्राथमिक शाळा एका किमान पातळीवर आणा, आणि त्याच वेळी जिथे लोकमत अनुकूल आहे तिथे शेजारशाळा प्रायोगिक तत्त्वावर सुरू करा, असा तो व्यवहारी मार्ग होता. नाईकांनी पुढे समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन टोकांच्या त्रिकोणावर पुस्तक लिहिलं. तिन्ही टोकं एकत्र हातात येत नाहीत, ही त्यांची आयुष्यभराची चिंता होती. ज्यांना शेजारशाळा हे भाबडं स्वप्न वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं की ते मांडणाऱ्याला आकडे, खर्च आणि सरकारी यंत्रणा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होती.

आणि आयोगाचा युक्तिवाद फक्त गरिबांच्या बाजूने नव्हता. आपल्या मुलांना वेगळ्या शाळांत ठेवणारे सुस्थित पालक त्याच मुलांचं शिक्षण निःसत्त्व आणि अपुरं करतात, कारण देशातल्या बहुसंख्य मुलांच्या आयुष्याशी त्यांचा संबंधच येत नाही, असं तो अहवाल सांगतो. माझ्या संस्थाचालकांचं सगळं गणित इथे उलटं होतं. ते भुर्दंडाचं बोलतात, पण फीच्या भिंतीआड वाढणारं मूलही किंमत मोजतंच. ती किंमत प्रगतिपुस्तकात उमटत नाही, इतकाच फरक. १९६८ च्या आणि १९८६ च्या राष्ट्रीय धोरणांनी समान शाळेचं तत्त्व मान्य केलं. मान्य केलं आणि ठेवून दिलं.

आयोगाच्या या म्हणण्याला आता पुरावाही आहे. दिल्लीतल्या श्रीमंत खाजगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत अभ्यासाचे गट नावांच्या आद्याक्षरांवरून पडत, त्यामुळे कुणाच्या गटात गरीब मूल आलं हे निव्वळ योगायोगाचं होतं, आणि तुलना स्वच्छ झाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना, जिंकल्यावर बक्षीस मिळणार असूनही, श्रीमंत मुलं जास्त वेगाने धावणाऱ्या गरीब मुलाला डावलतात का, हे त्यांनी तपासलं. ज्यांना गरीब वर्गमित्र होते त्यांनी कमी डावललं. ती मुलं जास्त उदारही आढळली. गणितात आणि हिंदीत त्यांचं काही बिघडलं नाही. इंग्रजीचे गुण किंचित घसरले आणि वर्गात शिवराळ भाषा थोडी वाढली. संस्थाचालकांच्या भाषेत सांगायचं तर भुर्दंड एवढाच होता : थोडं इंग्रजी आणि काही शिव्या. शिव्या तर माझी मुलगीही शिकली. त्या तिने कॉलेज रोडवरही ऐकल्या असत्या.

इथवरचं उत्तर मी त्या संध्याकाळीही देऊ शकलो असतो, आणि बरीच वर्षं मला तेवढं पुरेसंही वाटत होतं. पण आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीत मी हेच सगळं, जरा सोपं करून, बोललो. इंदिरानगरला चार घरची धुणीभांडी करणारी एक आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुमची पोरगी आमच्या पोरांत राहून शहाणी होईल हो सर. पण आमच्या पोराच्या तिसरीला बाई नाही दिवाळीपासून, त्याचं बोला ना."

हा प्रश्न दिल्लीच्या अभ्यासाने सुटत नाही. त्या अभ्यासात मोजलं गेलं ते मुख्यतः श्रीमंत मुलांचं मन. मी मांडत होतो तेही माझ्या मुलीच्या घडणीचं समर्थन होतं. गरीब मूल त्यात होतं, पण दुसऱ्याच्या संस्कारांचं साधन म्हणून. आणि एकत्र शिकण्याचा हक्क जर सुस्थितांच्या मनावर होणाऱ्या परिणामावर उभा केला, तर उद्या एखाद्या अभ्यासात तो परिणाम दिसला नाही की हक्कही गेला.

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. २ मार्च १९३० ला अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. तो आत पूजा करणाऱ्यांचं मन मोठं व्हावं म्हणून नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट केलं : आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं हा हेतू नव्हता, त्यांच्यात चेतना यावी, आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी हा होता. त्याआधी, १९२३ मध्ये, मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. तो ठराव आपण महाडच्या तळ्यामुळे लक्षात ठेवतो, पण त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत, सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला होता. यांतल्या कुणालाही सवर्णांना काय मिळेल हे मांडत बसण्याचं कारण नव्हतं. सार्वजनिक जागा सर्वांची आहे, एवढं पुरेसं होतं.

मग सुस्थित पालकाच्या मुलाने तिथे असण्याला अर्थ उरतो का? उरतो, पण वेगळा. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवलं की एखादी संस्था ढासळू लागली की तिथून आधी तेच निघून जातात ज्यांना गुणवत्तेची सर्वांत जास्त पर्वा असते आणि ज्यांची तक्रार ऐकली गेली असती. सरकारी शाळा हे त्यांचं एक उदाहरणच होतं. तिसरीला बाई नाहीत, कारण बाई निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या कामाला लावल्या जातात, बदली होते, जागा भरली जात नाही. कॉलेज रोडवरच्या शाळेत ही अवस्था आठवडाभर टिकणार नाही. तिथले पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात असतात. आमच्या शाळेतली आई दारात आली तर तिचा अर्ध्या दिवसाचा पगार जातो, आणि साहेब भेटतीलच असंही नाही. तिसरीच्या बाईंसाठी आम्ही नंतर अर्ज केले, शिक्षण विभागात बसून राहिलो, आणि अर्जाखाली माझ्यासारख्याची सही असल्याने फरक पडला हे मला दिसलं. त्याचं समाधान मानावं अशी ती गोष्ट नाही. हाच अर्ज त्या आईने लिहून घेऊन आधी दिला होता.

आणि या आवाजाचा धोकाही आहे, तो आमच्याच समितीत मी पाहतो. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा असते. पण बैठक सकाळी अकराला ठेवली की कंपनीत पाळी असलेला बाप आणि कामावर गेलेली आई येत नाहीत. मग माझ्यासारखे दोघे-तिघे बोलतात, आणि डिजिटल फळा, स्नेहसंमेलन, स्पोकन इंग्लिश हे विषय वर येतात. खिचडीतली डाळ, मुलींच्या स्वच्छतागृहातलं पाणी, द्राक्षाच्या हंगामात गेलेल्या मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून काय करायचं, हे विषय खाली राहतात. सुस्थित पालक परत आले आणि शाळा त्यांचीच झाली, तर गेलेली शाळा परत आली असं म्हणता येणार नाही. आम्ही बैठक रविवारी संध्याकाळी घ्यायला लागलो तेव्हा पहिल्यांदा विषयांचा क्रम बदलला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची सोय आहे. द्राक्षबागांवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठीही तशी व्हावी, हा मुद्दा सुरगाण्याच्या एका वडिलांनी मांडला. माझ्या यादीत तो नव्हता.

तेव्हा संस्थाचालकांना माझं उत्तर असं आहे. माझी मुलगी कसलाही भुर्दंड भरत नाही. ती आपल्या वस्तीतल्या मुलांबरोबर शिकते आहे. प्रश्न तुमच्या वर्गाचा आहे. न्यायालयाने तुमच्याकडे पंचवीस टक्के मुलं राहू दिली आहेत. ती वेगळ्या तुकडीत बसतात की सर्वांमध्ये मिसळून? सहलीला जातात का? पुस्तकं आणि गणवेश त्यांना पहिल्या दिवशी मिळतात की नोव्हेंबरात? शिक्षक वर्गासमोर त्यांचा उल्लेख 'आरटीईवाली' असा करतात का? तुमच्या पालकसभेत त्यांच्यापैकी कुणी शेवटचं कधी बोललं? सरकारकडची तुमची थकबाकी मागायला मी तुमच्याबरोबर येतो. या प्रश्नांची उत्तरं तेवढी शाळेच्या फलकावर लावा.