अंतरात्म्याला हुकूम कुणाचा?

निवडणुकीचा प्रचार म्हटला की पेण-रोह्याकडच्या माणसाला भोंगे आणि रंगवलेल्या भिंती आठवतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत हे काहीच नसते. मते खासदार-आमदारांची, तीही गुप्त. पण १९६९ सालची ती निवडणूक रोह्याच्या अंगणापर्यंत आली होती. तीन मुख्य उमेदवारांत एक रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव होते.

काँग्रेसचे उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर पंतप्रधान इंदिरा गांधींची सही, आणि पुढे त्यांनीच सभासदांना सांगितले की, अंतरात्म्याला स्मरून मत द्या. ते मत व्ही. व्ही. गिरींकडे जावे, हे न सांगता सगळ्यांना कळले. चिंतामणरावांमागे जनसंघ व स्वतंत्र पक्ष. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या पक्षांच्या दारी गेले ते दुसरी पसंती रेड्डींना मागायला. म्हणजे एवढा विद्वान माणूस उमेदवार, पण भाव त्याच्या उरलेल्या मतांना! रेड्डींच्या बदनामीचे एक निनावी पत्रकही संसदेत फिरले. त्यावरून खटला झाला, १९७० साली गिरी राष्ट्रपती असताना सर्वोच्च न्यायालयात साक्षीला उभे राहिले, आणि अर्ज फेटाळला गेला.

पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. दुसरी पसंती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

आम्हांस अडते ते त्या अंतरात्म्यापाशी. दिंडीत चोपदाराने दंड उंच केला की टाळ थांबतात. ती शिस्त, तिला आमची ना नाही. पण चोपदार कुणाच्या मनात नाम उठवू शकत नाही. पक्षाने शिस्त मागावी, हे समजते. 'तुझ्या आतल्याचे ऐक' असे पुढाऱ्याने सांगावे आणि आतला नेमका पुढाऱ्याचेच नाव बोलावा, हे कसे काय बुवा?

चिंतामणरावांचेच पाहा. कुलाब्याच्या लोकांनी १९५२ साली त्यांना लोकसभेत धाडले. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राकडे ठेवायचे ठरले, तेव्हा ते देशाचे अर्थमंत्री होते. त्यांनी पद सोडले. तिथे आतल्या आवाजाची किंमत सर्वांना दिसली.

कुणी म्हणेल, गुप्त मत आहे म्हणूनच भित्र्यालाही खरे वागता येते. खरे आहे, आणि हे आम्हांस खोडता येत नाही. पेण तालुक्यात गागोद्याला जन्मलेले विनोबा मात्र बहुमतापेक्षा सर्वानुमतीचा आग्रह धरीत. तिथे चार माणसांत तोंड उघडावे लागते. नाही म्हणायचे तर शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणावे लागते. एवढ्या मोठ्या देशात राष्ट्रपती असा निवडता येईल का, तर ते अवघडच दिसते.

आणि १९६९ साली गिरींना मत देणाऱ्यांपैकी मनापासून कुणी दिले, वारा पाहून कुणी दिले, हे मतपत्रिकेवर लिहिलेले नसते. ज्याचे त्याला ठाऊक.