आपण मूळचे कुठले?

मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला भेटला की पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारतो. नाव काय, आडनाव काय आणि मूळचे कुठले. पहिल्या उत्तराकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. दुसरं उत्तर मिळालं की तो क्षणभर थांबतो, मनातल्या मनात कसलासा हिशेब मांडतो आणि हिशेब जुळला नाही तरच तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तिथे 'मी नाशिकचाच' हे उत्तर चालत नाही. "ते झालं हो, पण मूळचे?" या 'मूळचे'वर तो असा काही जोर देतो की आपणही मनाशी एकदा पडताळून पाहतो, बाबा रे, आपण नक्की याच पृथ्वीवरचे ना?

पृथ्वीवर नसलेल्यांचा विचार मी करायला लागलो तो आमच्या कन्येमुळे. ती अकरावीत आहे. म्हणजे घरातली माणसं आपली नव्हेत, जन्माच्या वेळी दवाखान्यात काहीतरी अदलाबदल झाली असावी, असं पक्कं वाटण्याचं तिचं वय आहे. सुट्टीत तिने 'रॉसवेल' नावाची अमेरिकन मालिका पाहायला घेतली. १९९९ साली सुरू झालेली ही मालिका २००२ साली संपलीसुद्धा, म्हणजे कन्येच्या जन्माच्या कितीतरी आधी. एरवी घरातली एवढी जुनी कुठलीही वस्तू (तीत मीही आलो) तिला अडगळ वाटते. पण या मालिकेला तिने माफ केलं होतं. एकूण एकसष्ट भाग. पहिले दोन मी पोरगी काय पाहते यावर लक्ष ठेवायला म्हणून पाहिले आणि उरलेले एकोणसाठ, आमच्या हिच्या शब्दांत सांगायचं तर, लाज सोडून पाहिले.

रॉसवेल हे न्यू मेक्सिकोतलं खरंखुरं गाव. १९४७ साली तिथल्या एका गुरं पाळणाऱ्याला रानात कसले तरी तुकडे सापडले. लष्कराने ८ जुलैला जाहीर केलं की उडती तबकडी हाती लागली आहे. आणि पाठोपाठ सांगितलं, छे छे, तो हवामानखात्याचा फुगा होता. सरकारी खुलासा इतक्या तातडीने आलेला पाहून लोकांचा पहिल्याच बातमीवर विश्वास बसला. पुढे १९९४ साली अमेरिकी हवाईदलाने सांगितलं की रशियाच्या अणुस्फोटांचा कानोसा घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांचे ते अवशेष होते. खुलाशाचा खुलासा व्हायला सत्तेचाळीस वर्षं लागली. आमच्याकडे ऑडिटच्या शेऱ्यांना इतकी लागत नाहीत. थोडी कमी लागतात.

तर त्या तबकडीतून तीन मुलं वाचली, अशी मालिकेची कल्पना. मॅक्स, इसाबेल आणि मायकेल. दिसायला तुमच्याआमच्या मुलांसारखीच. अर्थात हिरवी, मोठ्या डोक्याची वगैरे नव्हेत, कारण नटनट्यांचे चेहरे दिसले नाहीत तर पाहणार कोण! पहिल्या दोघांना एका वकिलाने दत्तक घेतलं, तिसऱ्याच्या वाट्याला दारुडा पालक आला. म्हणजे एकाच विमानाने आलात तरी उतरल्यावर कोण कुणाच्या घरी जाईल याचा नेम नाही. आता ही मुलं हायस्कुलात जातात, गृहपाठ करतात आणि आपण कोण ते कुणाला कळू देत नाहीत. त्यांची एकच खोड उघडी पडण्याजोगी आहे. त्यांना गोड आणि जळजळीत तिखट एकत्र लागतं. टबॅस्को नावाचा तिखट सॉस ती कशावरही ओततात. पुढे मालिका बंद पडायची वेळ आली तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीच्या कचेरीत या सॉसच्या हजारो बाटल्या पाठवल्या आणि मालिका वाचवली. मला एवढंच वाटलं की ही तबकडी रॉसवेलऐवजी नाशिकला पडायला हवी होती. रविवारी सकाळी नाकाडोळ्यांतून पाणी काढत काळ्या मसाल्याची मिसळ आणि सोबत जिलबी खाणाऱ्या या गावात ही मुलं जन्मात सापडली नसती.

पहिल्याच भागात मॅक्सपुढे पेच उभा राहतो. हॉटेलात भांडण होतं, गोळी सुटते आणि वाढपाचं काम करणाऱ्या लिझ नावाच्या मुलीला लागते. मॅक्सच्या हातात जखम भरून काढायची शक्ती आहे. ती वापरली तर गुपित फुटणार, न वापरावी तर मुलगी मरणार. तो धावतो, हात ठेवतो, तिला वाचवतो. आणि मग तिच्या कपड्यांवर टोमॅटो केचप ओतून तिला सांगतो, विचारलं तर केचप सांडला म्हण. एवढ्या दूरच्या ग्रहावरून आलेल्या मुलाला आयत्या वेळी सुचलेली थाप मात्र अस्सल आमच्या गल्लीतली!

पण हे लपवणं बरोबर की चूक? तुम्ही म्हणाल, बँकेत क्लार्क असलेल्या माणसाने या भानगडीत कशाला पडावं? अहो, त्यानेच पडावं. २००२ सालापासून रिझर्व्ह बँकेने केवायसी म्हणजे 'आपला ग्राहक ओळखा' हे व्रत आम्हांला दिलेलं आहे. काउंटरच्या अलीकडे बसून 'तुम्ही तेच कशावरून?' हा वेदान्तातला प्रश्न दिवसातून पन्नास वेळा मी विचारतो, आणि उत्तर झेरॉक्समध्ये मागतो. अर्थात, आमच्या नाशिकला याचं कौतुक नाही. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे ज्या वह्या आहेत त्यांपुढे आमचं केवायसी म्हणजे पोरखेळ. गाव सांगा, आडनाव सांगा. ते बाड उघडून तुमचे पणजोबा कधी आले होते आणि सोबत कोण होतं हे दाखवतील. मॅक्सची पंचाईत बँकेत झाली नसती. रामकुंडावर झाली असती.

आणि वेष पालटून आलेल्यांविषयी संशय तर आमच्या मातीतच आहे. शूर्पणखा रूप बदलून आली ती पंचवटीत, तिचं नाक कापलं गेलं म्हणून गावाचं नाव नासिक, असं आम्हांला आजीने सांगितलेलं. मारीच हरीण होऊन आला तो इथेच, रावण गोसावी होऊन आला तोही इथेच. तिघेही, लक्षात घ्या, खोटी ओळख सांगूनच आले. अशा गावात खोली मागायला आलेल्या तरुणाला घरमालक चार प्रश्न जास्त विचारतो, तेव्हा तो स्वतःला लक्ष्मणच समजत असतो.

पण नाव लपवलं की दुष्टच, हेही खरं नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' नावाची कथा आली आणि पहिली आली. मागाहून कळलं, हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती. का, तर परीक्षकांनी कथा वाचावी, नाव वाचू नये. याच नारळीकरांना २०२१ साली आमच्या नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा ते प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. गावात एवढा खरा ग्रहगोलांचा माणूस यायचा होता आणि तो राहून गेला. असो. मुद्दा असा की परीक्षेच्या पेपरावर आपण नाव लिहू देत नाही, नंबर घालतो. म्हणजे नाव कळलं की तपासणाऱ्याची बुद्धी वाकडी चालते, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मग भाड्याच्या खोलीसाठी आसन क्रमांक का नसावा?

हे मला सुचलं ते आमच्या शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्यामुळे. तो मराठवाड्यातून बदलून आला. बँकेत मी त्याला 'साहेब' म्हणतो आणि तो मला 'काका'; बाहेर चहाच्या टपरीवर मी 'अरे' म्हणतो आणि तो 'काका'च म्हणतो. पहिल्या घरमालकाने त्याचं आडनाव ऐकलं आणि त्याला अचानक आठवलं की खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. दुसऱ्यालाही पुतण्या निघाला. तिसऱ्या ठिकाणी, पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या. करारनामा नाही, पावती नाही, भाडं पाच तारखेला रोख. (बँकेच्या माणसाने हे ऐकूनही घेऊ नये.) आजींनी आडनाव विचारलं, तेव्हा त्याने गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. मराठी भाषेतला हा 'कर' फार उदार प्रत्यय आहे. तो लावला की माणूस गावचा होतो आणि बाकी कुणाचाच राहत नाही.

पुढे त्याला डेंग्यू झाला. आजींनी आठ दिवस पेज दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, रात्री दोनदा जिना चढून ताप पाहिला. बरा झाला आणि त्याची झोप उडाली. टपरीवर मला म्हणाला, "काका, सांगून टाकू का?"

माझं मत विचाराल तर आजींचा तो प्रश्नच मुळात नसता होता. भाडं कधी देशील, रात्री किती वाजता येशील, हे विचारायचा त्यांना हक्क. मूळचा कुठला, याचा खोलीशी संबंध काय? बँकेत मी नाव विचारतो ते पैसे ज्याचे त्यालाच मिळावेत म्हणून. आणि घरमालक आडनाव विचारतो ते खोली कुणाला मिळू नये हे ठरवण्यासाठी. तेव्हा अशा प्रश्नाला दिलेल्या उत्तराचं पाप माझ्या वहीत उत्तर देणाऱ्याच्या नावे पडत नाही. इथवर सगळं सोपं होतं. घोटाळा पेजेने केला.

मालिकेतही असंच होतं. स्वयंपाकघरात तेल पेटतं, मॅक्स आपल्या शक्तीने आग विझवून आईला वाचवतो, आणि आईला संशय येतो. इसाबेलला वाटतं सांगून टाकावं, मॅक्स म्हणतो नको. मॅक्सला भीती आहे आणि ती रास्त आहे. मागे पोलीस लागलेले आहेत. पण न सांगताना तो एक निकाल देऊन बसतो: आईला हे सोसणार नाही. सांभाळलं, वाढवलं त्या बाईची परीक्षा न घेताच तिला नापास केलं. आमच्या अधिकाऱ्याचंही तेच. सांगावं, तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हातारीला अशा परीक्षेला बसवायचं जिचा फॉर्म तिने भरलेला नाही. न सांगावं, तर आठ दिवस पेज देणारी बाई नापासच होणार, असं आपणच गुपचूप ठरवून टाकायचं. आणि ती पेज नेमकी कुणाला मिळाली? त्याला, की त्या 'कर'ला?

वाड्यापासून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथे सत्याग्रह सुरू केला आणि दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसांनी तो पाच वर्षं चालवला. मी त्या बाजूने जाताना नेहमी मनात येतं, की परगावाहून आलेल्या, कुणी न ओळखणाऱ्या एखाद्याला धोतर नेसून, गंध लावून, गर्दीत मिसळून आत जाणं काही फार कठीण नसावं. दाराशी उभ्या असलेल्यांना चेहऱ्यावरून थोडंच कळतं! कळत असतं तर विचारावं कशाला लागलं असतं? पण त्या माणसांना तसं जायचंच नव्हतं. दुसऱ्याच्या नावावर मिळालेलं दर्शन त्या दुसऱ्याला मिळतं. ती आपल्या नावानिशी दाराशी उभी राहिली, दगड खाल्ले, आणि गावाला पास व्हायची पाच वर्षं संधी दिली. गावाने ती घेतली नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी काय जाहीर केलं ते सर्वांना ठाऊक आहे.

पण हे एकट्या पोराला, तापातून उठलेल्या, कोणत्या तोंडाने सांगायचं? पाठीशी हजार माणसं असणं निराळं आणि खोलीत एकटं असणं निराळं. मी म्हटलं, "अरे, तुझी खोली आहे आणि तुझ्या आजी आहेत. सांगायचं की नाही हे तूच ठरव. सांगितलंस आणि खोली गेली, तर आमचं माळ्यावरचं सामान मी हलवतो." आमच्या हिने त्याच रविवारी माळा रिकामा केला. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्या सांगण्यावरून तो कधी रिकामा झाला नव्हता.

तो माळ्यावर आला नाही आणि काही बोललाही नाही. वर्षभराने त्याची खानदेशात बदली झाली. निघताना आजी रडल्या म्हणे.

गेल्या आठवड्यात त्याच्या नव्या शाखेत एक पार्सल आलं. कुरडया, पापड आणि पत्त्यावर आजींच्या थरथरत्या अक्षरात ते 'कर'वालं नाव. पोस्टमन म्हणाला, या नावाचं इथे कुणी नाही. शिपाई म्हणाला, परत पाठवून द्या. हा केबिनमधून धावत आला आणि पार्सल सोडवून घेतलं. सही कुठल्या नावाने केलीस, हे मी विचारलं नाही. कुरडया फुलून ताटभर झाल्या, असं त्याने सांगितलं. पण पोचल्याचा फोन त्याने आजींना अजून केलेला नाही. काल मला म्हणत होता, "काका, फोन लावतो आणि ठेवतो. 'मी बोलतोय' म्हटलं, की त्या आधी विचारतात, कोण?"