पर्जन्य, पाषाण आणि ईश्वराचे कर्तृत्व

अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल हा सुमारे 60 मीटर उंचीचा काळ्या बेसाल्टचा सुळका असून, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकुंचन पावला आणि त्यात उभे बहुकोनी स्तंभ पडले, अशी त्याची उत्पत्ती भूविज्ञान सांगते. त्याच सुळक्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. ईश्वर म्हणजे निसर्गनियमांच्या जोडीला असलेले आणखी एक कारण, असे मानले तरच या दोन गोष्टींत विरोध दिसतो, आणि मग जिचे कारण सापडले ती प्रत्येक घटना ईश्वराच्या हातून निसटत जाते. न्यायदर्शनात ईश्वर हा केवळ निमित्तकारण, म्हणजे घडवणारा कर्ता, तर परमाणू हे उपादानकारण, म्हणजे ज्यातून वस्तू घडते ते द्रव्य. अद्वैत वेदान्ताने मात्र ही दोन्ही कारणे ब्रह्माच्या ठायी अभिन्न मानली, त्यामुळे लाव्हाचे थंड होणे हीच ईश्वरी कर्तृत्वाची रीत ठरते.

ही भूमिका सौम्य घटनांपुरती राखून ठेवता येत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्यात जेमतेम 74 मिलिमीटरच्या आसपास. मिठी नदी फुगली आणि मुंबईत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरतो, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातच आला आहे, आणि त्याचे निरसन करताना शंकराचार्यांनी ईश्वराला पर्जन्याचीच उपमा दिली: भात आणि जव यांना पाऊस सारखाच, त्यांच्यातला भेद बीजांचा, जीवांच्या विषम स्थितीचे बीज म्हणजे त्यांचे स्वतःचे पूर्वकर्म.

उपमा मर्मग्राही आहे, पण मिठीकाठी ती अपुरी पडते. नदीचे पात्र भराव आणि अतिक्रमणांनी अरुंद केले गेले, खारफुटी तोडली गेली. हे कर्म याच जन्मातले, डोळ्यांदेखत झालेले, आणि त्याचे फळ पुष्कळदा भोगले ते काठावरच्या चाळीतल्या, त्यात काहीही हात नसलेल्या कुटुंबांनी. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे हा कृतनाश आणि न केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या पदरी येणे हा अकृताभ्यागम, हे दोन्ही दोष टाळण्यासाठीच कर्मसिद्धान्त मांडला गेला होता. म्हणून बुडालेल्यांचे अदृष्ट पूर्वकर्म शोधत बसणारी ईश्वरनिष्ठा त्या सिद्धान्ताशीच प्रतारणा करते, कारण ती समोर दिसणाऱ्या कर्त्याला मोकळे सोडते. पाऊस ईश्वराचा मानणाऱ्याला नदीत टाकलेला भराव मात्र ईश्वराच्या नावावर घालता येत नाही.