पापाचा वाटा

वाल्या कोळ्याच्या घरच्या माणसांना निदान प्रश्न तरी विचारला गेला होता. ‘माझ्या पापात वाटेकरी व्हाल का?’ त्यांनी स्वच्छ नकार दिला. हाच प्रश्न कारखान्यात कोणी कोणाला विचारायचा?

विमानातून पहिले बॉम्ब पडले ते १ नोव्हेंबर १९११ रोजी, लिबियात. जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने एका हाताने विमान सांभाळीत दुसऱ्या हाताने सुमारे दोन किलोचे चार गोळे तुर्की फौजेवर टाकले. त्या पापाला एक धनी होता.

तीन वर्षांनी महायुद्ध पेटले आणि बॉम्बचे कारखाने उभे राहिले. एकाने कवच ओतावे, दुसऱ्याने ते लेथवर कातावे, तिसरीने दारू भरावी, चौथीने शेपटीचे पंख जोडावेत. पुरुष आघाडीवर गेलेले. इंग्लंडमध्ये लाखो बायका दारूगोळ्याच्या कामाला लागल्या. टीएनटी हाताळून त्यांची कातडी पिवळी पडे. लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत. चिलवेलच्या कारखान्यात तोफगोळ्यांबरोबर विमानी बॉम्बही भरले जात. तेथे १ जुलै १९१८ रोजी स्फोट होऊन १३४ माणसे गेली. नवरा खंदकात आणि घरात खाणारी तोंडे, अशा बायकांना पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण त्याआधीच्या वर्षीचा, १३ जून १९१७चा दिवसही विसरवत नाही. जर्मन विमानातला एक बॉम्ब लंडनच्या पॉप्लर भागातील शाळेचे छप्पर नि मजले फोडून तळमजल्यावरच्या बालवर्गात फुटला. १८ मुले गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आसपासची. मी शाळामास्तर आहे. हजेरीपटावरील अठरा नावांना ‘हजर’ हा शब्द ऐकू आला नाही, म्हणजे काय होते, हे मला कळू शकते. तो बॉम्ब घडवणाऱ्या जर्मन हातांत एखाद्या आईचाही हात असेल. तिने कदाचित एक स्क्रू तेवढा पिळला असेल.

शंभर हातांनी काम केले म्हणून प्रत्येकाच्या पदरी शंभरावा हिस्सा येतो, हा हिशेब मला पटत नाही. मेलेल्या मुलाचे शंभर भाग होत नाहीत. काम वाटून घेता येते, पण त्याचे फळ अखंडच राहते. ज्याने आखणी केली त्याचा दोष मोठा, हे खरे; परंतु स्क्रू पिळणाऱ्यालाही एवढे तरी विचारता येते, ‘हे कोणावर पडणार आहे?’

विचारल्याने कारखाना थांबणार नाही. पण वाल्यासुद्धा बदलला तो घरी जाऊन विचारून आल्यावरच.