झिरा कोणाचा?

लहान मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत घराबाहेर न्यावे, हातांनी काही करायला लावावे आणि त्यातूनच शिकवावे, ही कल्पना आता बहुतेकांना मान्य झाली आहे. शहरांतून त्यासाठी शिबिरे भरतात, आणि आमच्या कन्नडसारख्या तालुक्याच्या गावीही पालक विचारू लागले आहेत, "गुरुजी, सुट्टीत पोरांसाठी काही आहे का?" कल्पना चांगलीच आहे, तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. परंतु एका वैशाखात शिवनेच्या पात्रात माझ्या हातून जे घडले त्यामुळे या चांगल्या कल्पनेच्या पोटातला एक नैतिक प्रश्न मला दिसला, आणि तो अजून माझा पिच्छा सोडीत नाही.

सहा ते नऊ वर्षांची चौदा मुले आठवडाभर मी रोज सकाळी नदीवर नेत होतो. पात्र कोरडे ठणठणीत. काम ठरले होते झिरा खणण्याचे. वाळू उकरत गेले की खालचे पाणी पाझरून खड्ड्यात जमते, हे खेड्यातल्या वाचकांना सांगायला नको. जमलेले पाणी खुणा केलेल्या काठीने मोजायचे, किती वेळात किती चढले ते वहीत मांडायचे, असा माझा बेत. आमचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेले की पाटण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांच्या नातवाने तेथे मठ स्थापल्याचा 1207 सालचा शिलालेख आहे. 'लीलावती'तल्या उदाहरणांत भुंगे येतात, कमळ येते, मोर आणि साप येतात. तेव्हा गणित भिंतीबाहेर शिकण्याची परंपरा आपल्या दाराशीच आहे, असे मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितले.

पहिल्या दिवशी चार ठिकाणी खणले, चारही कोरडी. शेळ्या घेऊन आलेला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा काठावर उभा राहून हसत होता. मी त्याला बोलावले. तो वळणाकडे गेला, दरडीखाली जिथे लव्हाळा हिरवा होता तिथली वाळू पायाने चाचपली आणि म्हणाला, "इथं खांदा." हातभर खोलीवर पाणी लागले. लागणारच होते, कारण तो रोज आपल्या शेळ्यांना तिथेच पाणी पाजीत असे. त्याचा लहानसा झिरा आम्ही मोठा केला. मुलांनी त्याला दगडांचा काठ बांधला, काठी रोवली, मोजमाप सुरू झाले. मी मनातून फार प्रसन्न होतो.

चौथ्या दिवशी मुलांना मळा करण्याची हौस आली. त्यांनी वाळूत लिंबाच्या डहाळ्या रोवल्या आणि झिऱ्यापासून मळ्यापर्यंत चर काढला. पाणी चरातून गेले, वाळूने पिऊन टाकले, आणि पाठोपाठ झिऱ्याच्या कडा ढासळल्या. मुले टाळ्या पिटीत होती. मीही हसत होतो. पाणी उताराकडे का धावते, ते समजावून देत होतो. तेवढ्यात तो मुलगा शेळ्या घेऊन आला. गढूळ चिखलाकडे बघून तो म्हणाला, "गुर्जी, आता शेळ्यांना पाणी कुठं पाजू?" मी म्हणालो, "थोडं थांब, बसेल गाळ." तो थांबला नाही. ऊन चढत होते. शेळ्या कशा थांबतील? तो नदीने वर गेला. तिथे एक शेळी कोणाच्या तरी मक्यात शिरली. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर वळ होता. तो त्याने मला दाखविला नाही; आमच्यातल्या एका मुलीने पाहिला आणि विचारले.

ज्याने मारले त्याला दोष देणे सोपे आहे, आणि तो दोषी आहेच. पण वळाचा माग काढीत मागे गेलो की मी माझ्याच चराशी येऊन पोहोचतो. तासाला पाणी किती बोटे चढते, हे मी मुलांना मोजायला लावले. ते पाणी पिते कोण, हे विचारायला लावले नाही.

शाळेच्या भिंतींविषयी आपण नेहमी तक्रार करतो की त्या मुलांना कोंडतात. ते खरे आहे. पण त्या आणखीही एक काम करतात, ते आपल्या ध्यानात येत नाही. आपल्या प्रयोगांपासून त्या जगाला वाचवितात. पाटीवर चुकलेले गणित पुसून टाकता येते. त्याने कोणाचे पीक बुडत नाही. बाहेर मात्र रिकामी जागा कुठेच नाही. झाडाखाली कोणी बसत असते, वाळूतून कोणी पाणी काढीत असते, पडीक वाटणाऱ्या माळावर कोणाची तरी जनावरे जगत असतात. भिंतीबाहेर मुले नेणाऱ्याने एवढे तरी ओळखले पाहिजे की आपण कोणाच्या तरी घरात शिरतो आहोत.

अमेरिकेतल्या किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञाने 1918 साली प्रकल्पपद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात मुलाने मनापासून स्वीकारलेल्या हेतूला मुख्य स्थान दिले. माझ्या मुलांचा हेतू मनापासूनचाच होता. पण हेतू मनापासूनचा असला म्हणून तो डोळस असतोच असे नाही. उलट बाजूने, 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी उत्पादक उद्योगातून शिक्षणाची योजना मांडली, तेव्हा अशाने शाळा म्हणजे मुलांच्या श्रमांचे कारखाने होतील, असा आक्षेप निघाला होता. म्हणजे एकीकडे काम पोकळ होण्याचे भय आणि दुसरीकडे शिक्षण म्हणजे वेठ होण्याचे भय.

या दोन भयांमधली सीमारेषा कुठे काढावी? मला वाटते, ती चुकीच्या किमतीत शोधावी. त्या शेळ्यांमागच्या मुलाला ओल ओळखता येते, वारा कळतो, दोनशे पावलांवरून आपली शेळी कळते. त्याला किती येते म्हणून आपण कौतुक करतो. पण त्याच्या स्थितीला शिक्षण म्हणणे निर्दयपणाचे होईल. कारण त्याला काम टाकून उठता येत नाही आणि त्याच्या चुकीला वळाची किंमत पडते. माझ्या मुलांच्या चुकीला काहीच किंमत पडत नव्हती. म्हणून त्यांचे काम खेळच राहिले. चुकीची किंमत असावी, ती मुलाला पेलेल एवढीच असावी, आणि ज्याने चूक केली त्यानेच ती द्यावी. असे जिथे असेल तिथे शिक्षण आहे. आमच्या चुकीची किंमत दुसऱ्याने दिली होती.

अशा वेळी मला कोसबाडची आठवण होते. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून तिथे अंगणवाडी झाली. गुरे राखणारी मुले कुरण सोडून येऊ शकत नाहीत, म्हणून कुरणशाळा झाली. पाने, काड्या, माती हेच तिथले साहित्य. मुलाचे जगणे आधी बघायचे आणि धडा मग आखायचा, हा तिथला क्रम. मी धडा आखून नदीवर गेलो होतो. तिथे आधीच जगत असलेले मूल मला केवळ वाटाड्या म्हणून उपयोगी वाटले.

पाचव्या दिवशी मी मुलांना वळाचे कारण सांगितले. लहान मुलांना असे सांगावे का? एका पालकांनी मला नंतर बोल लावला, की तुम्ही माझ्या मुलीला रडविलेत. त्यांचे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. पण न सांगणे म्हणजे त्या मुलाने दिलेली किंमत लपविणे झाले असते. मुले बराच वेळ गप्प होती. मग त्यांनीच चर बुजविला. त्या मुलाला विचारून झिरा पुन्हा खणला, आणि कडा ढासळू नयेत म्हणून तो म्हणेल तिथे दगड लावले. वहीतले गणितही बदलले: एक शेळी किती डबे पाणी पिते, आणि अकरा शेळ्यांपुरते पाणी साठायला किती वेळ लागेल?

याने पाठीवरचा वळ गेला असे मी म्हणत नाही. जूनमध्ये तो मुलगा आठ दिवस शाळेत येऊन बसला. नंतर दिसेनासा झाला. मी घरी गेलो तर शेळ्या राखायला दुसरे कोणी नाही, असे त्याची आई म्हणाली. तिला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही. आमच्या मुलांना मी नदी दाखविली, त्याला मात्र शाळा देऊ शकलो नाही. ज्या दिवशी हे मी विसरेन त्या दिवशी मुलांना बाहेर नेण्याचा मला अधिकार उरणार नाही.

पहिला पूर आला तेव्हा मुले बघायला आली होती. झिरा, दगड, मळा, सारे पाण्याखाली गेले होते. एकाने विचारले, "गुरुजी, पुढच्या वर्षी तिथंच खणायचा?"

मी काही बोलण्याआधीच ती मुलगी म्हणाली, "त्याला विचारून."